मागे कोण?

"आई, आधी किल्ली दे."

"तू आधी ते कानातलं दे."

दारातल्या अरुंद जागेत सायकल आडवी उभी होती. तिच्या एका बाजूला शाळेचे दप्तर पाठीवर घेतलेली टिटवी, दुसऱ्या बाजूला मुठीत कुलपाची किल्ली घट्ट धरून उभी असलेली तिची आई. आणि या दोघींच्या मधून, सायकलीच्या खाली वाकून, आजोबा आपला दुसरा बूट शोधत होते.

"उशीर होतोय मला!"

"होऊ दे. काल रात्री शेजारचे ड्रायव्हरकाका काय सांगून गेले, ऐकलंस ना? की तेव्हाही कानात गाण्यांचे बोळे होते?"

शेजारचे ड्रायव्हरकाका शहराची बस चालवत. काल जेवणाच्या वेळी ते दारात येऊन सांगून गेले होते, की मोठ्या रस्त्यावर तुमची मुलगी माझ्या बसच्या पुढे सायकलवर होती, मी हॉर्न देऊन देऊन थकलो, पण ती ढिम्म. शेवटी मीच बस थांबवली, मागच्या गाड्यांच्या शिव्या खाल्ल्या. त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितले नव्हते. घाबरून सांगितले होते. म्हणूनच टिटवीच्या आईला रात्रभर नीट झोप लागली नव्हती.

"मी एका कानातलं काढून ठेवते मोठ्या रस्त्यावर," टिटवी म्हणाली.

"म्हणजे अर्धं ऐकतेस?" आजोबांनी सायकलीखालून विचारले. "बस मागून अर्धीच येते का गं?"

"आजोबा, तुम्ही पण!" टिटवीने पाय आपटला. "गाडीतली माणसं काचा बंद करून, मोठ्ठ्यानं गाणी लावून जातात. त्यांना कोणी काही बोलत नाही. सायकलवाल्यांनाच सगळे बोलतात."

"त्यांच्याभोवती पत्रा असतो. तुझ्याभोवती गणवेश आहे."

"आणि बहिरी माणसं? ती नाही सायकल चालवत?"

आजोबांना बूट सापडला. तो हातात घेऊन ते उठले आणि नातीकडे नीट बघत म्हणाले, "हा प्रश्न चांगला आहे."

मुलांच्या प्रश्नाला 'गप्प बस' हे उत्तर त्यांनी आयुष्यात कधी दिले नव्हते. टिटवीच्या आईला लहानपणी त्याचे कौतुक होते. आता स्वतः आई झाल्यावर तिला त्याचा कधीकधी संताप यायचा.

"चालवतात, आणि उत्तम चालवतात," ते म्हणाले. "कारण त्यांना ठाऊक असतं की आपल्याला ऐकू येत नाही. म्हणून ती सारखी वळून बघतात. तुझं तसं नाही. तुला वाटतं, मला सगळं ऐकू येतंय. धोका त्या वाटण्यात आहे."

"मला येतंच ऐकू."

"ठीक आहे. मग शनिवारी बागेत ये. परीक्षा घेऊ. पास झालीस, तर खुशाल घालून हिंड, आई एक शब्द बोलणार नाही."

"बाबा!" आई ओरडली.

"आणि नापास झालीस तर सायकल हातात धरून चालायचं, जोवर पास होत नाहीस तोवर. ज्याला मागचं कळत नाही, त्यानं रस्त्यावर सायकलवर बसायचं नाही. बागेतला नियम आहे, तो सगळ्यांना सारखा. मंजूर?"

टिटवीने आईच्या मुठीकडे पाहिले, मग आजोबांकडे. "मंजूर."

"तोवर कानातलं माझ्याकडे," असे म्हणून आजोबांनी हात पुढे केला. टिटवीने ते त्यांच्या हातावर ठेवले, आईने किल्ली टिटवीच्या हातावर ठेवली, आणि सायकल एकदाची दाराबाहेर पडली.

"आणि ती दाराची बेल कोणीतरी दुरुस्त करा," जाता जाता आजोबा म्हणाले. "केव्हाची बंद पडली आहे."

आई काहीतरी बोलली. पण तोपर्यंत त्यांची पाठ वळली होती.

* * *

बाहेर त्यांना सगळे 'सर' म्हणत. खरे तर ते कुठल्याच शाळेत शिक्षक नव्हते. नगरपालिकेच्या वाहतूक बागेत ते मुलांना सायकल आणि रस्ता शिकवत. तरुणपणी तिथे तात्पुरते म्हणून लागले होते. अजून कोणी त्यांना कायम केले नव्हते, आणि कोणी जा असेही म्हटले नव्हते.

ती बाग म्हणजे एक लहानसे शहर होते. हातभर रुंद रस्ते, छातीपर्यंत येणारे सिग्नल, एक गोल चौक, एक उतार, आणि लहान मुलालाही वाकून जावे लागेल असा एक बोगदा. या शहरात वीस-पंचवीस बुटक्या सायकली होत्या. त्या सायकलींची देखभाल करणारे मिस्त्री झाडाखालच्या पत्र्याच्या खोलीत बसत. सरांची आणि त्यांची रोज सकाळी एकदा तरी चकमक झाल्याशिवाय बाग सुरू होत नसे.

त्या शनिवारीही झाली.

"मिस्त्री, या नव्या घंट्या नुसत्या शोभेच्या आल्यात हो. आवाजच नाही."

"सर, मागच्या आठवड्यात तेल घातलं. त्याच्या मागच्या आठवड्यात स्प्रिंग बदलली. आता काय, गाणं शिकवू का घंटीला?"

"जुन्या घंट्या कशा खणखणीत होत्या."

"जुनं सगळंच खणखणीत होतं. तुम्ही नि मी तेवढे राहिलोय," मिस्त्री म्हणाले आणि पाना घेऊन एका चाकाशी भांडू लागले.

सरांच्या हातात त्यांचे खोके होते. त्यात एक सायकलची घंटी, रबरी फुगा असलेला एक भोंगा, खडे भरलेला पत्र्याचा डबा आणि ब्रेकच्या रबराचा एक तुकडा होता, जो डब्याच्या पत्र्यावर घासला की किंचाळत असे. या खोक्यावर सरांचा सगळ्यात आवडता खेळ चालायचा. खेळाचे नाव 'मागे कोण?'. मुलाने सायकलवर बसून पांढऱ्या रेषेवरून सावकाश जायचे, मान पुढे ठेवायची. सर खोके घेऊन मागून चालत यायचे आणि एकेक आवाज काढायचे. घंटी म्हणजे सायकल, भोंगा म्हणजे मोटार, डबा म्हणजे हातगाडी, रबराची किंचाळी म्हणजे कोणीतरी जोरात ब्रेक दाबला आहे. मुलाने न बघता सांगायचे, मागे कोण आहे. त्या दुबळ्या घंट्यांचा एवढासा आवाजही मुले बरोबर ओळखत, याचे सरांना फार कौतुक वाटे. "कान आहेत की जाळी!" ते म्हणायचे. मुले खूश व्हायची.

त्या दिवशी मुले तशीही खूश होती, कारण सरांची मोठी नात परीक्षेला आली होती.

"ताई, तू नापास होणार का?" रेडिओने विचारले. रेडिओ म्हणजे सातआठ वर्षांचा एक मुलगा. झोपेतून उठल्यापासून परत झोपेपर्यंत त्याचे प्रक्षेपण चालू असे.

"नाही होणार."

"मी पहिल्यांदा नापास झालो होतो. मुंगी दोनदा झाली. मुंगी रडली होती."

"नव्हते रडले," मुंगी म्हणाली. ती वर्गातली सगळ्यात लहान मुलगी. हेल्मेट घातले की तिचे फक्त नाक आणि हनुवटी दिसायची. "डोळ्यात माती गेली होती."

टिटवीने कानात ते दोन मणी घातले, गाणे लावले आणि सायकलवर बसली. सायकल तिच्यासाठी फारच बुटकी होती, गुडघे हँडलला लागत होते. मुले हसली. सर हसले नाहीत. परीक्षा चालू असताना ते कधीच हसत नसत.

पहिल्यांदा त्यांनी भोंगा दाबला.

"मोटार!" टिटवी ओरडली, गरजेपेक्षा बऱ्याच मोठ्याने.

मग डबा हलवला. टिटवीने थोडा विचार केला. "ट्रक?"

"हातगाडी!" सगळा वर्ग एका आवाजात म्हणाला. तेही तिला ऐकू आले नाही.

मग घंटी. ती तशीच पुढे चालली, मान किंचित डोलावत. मग ब्रेकची किंचाळी. काही नाही. तेव्हा सरांनी मुंगीला खुणेने बोलावले आणि कानात सांगितले. मुंगी धावत सुटली, बूट फटफट वाजवत, आणि टिटवीच्या अगदी मागे जाऊन तिने सायकलच्या कॅरिअरला हात लावला. टिटवी केवढ्याने दचकली! हँडल वळले, पाय जमिनीवर आला, सायकल फुलझाडांत गेली.

"ताई, मी मागे होते," मुंगी म्हणाली. "केव्हाची मागे होते."

टिटवीने कानातले काढले. तिचा चेहरा लाल झाला होता.

"आता तशीच एकदा," सर म्हणाले. "गाण्याशिवाय."

गाण्याशिवाय तिने घंटी ओळखली, डबा ओळखला, किंचाळी ओळखली, पाय न वाजवता येणारी मुंगीसुद्धा ओळखली.

"आणि अजून एक आवाज आला. तुमचा उजवा गुडघा, आजोबा. कट्‌ कट्‌ करतो."

वर्ग खदखदून हसला. सरांनी गुडघ्याला हात लावून बघितला. त्यांना तो कधी ऐकू आला नव्हता.

मुलांना पाणी प्यायला पाठवून सर नातीजवळ बाकावर बसले. "एवढे चांगले कान आहेत तुझे. मग ते का बुजवतेस गं? गाणी घरी ऐकता येतात की."

टिटवी बराच वेळ बुटाने माती उकरत राहिली. मग त्यांच्याकडे वळून म्हणाली, "हसणार नाही ना?"

"मी कधी हसलोय?"

"मला मोठ्या रस्त्याची भीती वाटते. ट्रक मागून येतो ना, त्याचा तो घर्रर्र आवाज आला की पोटात गोळा येतो. वाटतं, आता अंगावरच येणार. गाणं असलं की ते काही कळत नाही. मग मी जाऊ शकते." तिने उकरलेली माती बुटाने परत सारखी केली. "तुमची नात आहे मी. रस्त्याला घाबरते म्हणून सांगू कोणाला?"

सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "म्हणजे ट्रक असतोच. तुला कळत नाही, एवढंच."

"हो."

"भीतीची सवय होते गं हळूहळू. आता मला बघ. मी रोज त्याच रस्त्यानं येतो. पूर्वी मीही दचकायचो. हल्ली काही वाटत नाही. हल्ली तर मला तो रस्ता किती शांत वाटतो."

टिटवीने त्यांच्याकडे पाहिले. "शांत?"

"अगदी."

ती आणखी काहीतरी विचारणार होती, पण तेवढ्यात रेडिओचे प्रक्षेपण सुरू झाले.

"सर! सर, तुम्ही कधीच पुढे नसता! तुम्ही नेहमी मागे. आज तुम्ही पुढे आणि आम्ही मागे!"

"सर पुढे! सर पुढे!" सगळ्यांनी धरले.

सर उठले. मुलांनी मागितलेली गोष्ट योग्य असेल तर ती द्यायची, हे त्यांचे तत्त्व होते. आणि हे मागणे योग्यच होते. इतकी वर्षे हा खेळ चालला, पण त्यात खोके नेहमी त्यांच्याच हातात असायचे. त्या रेषेवर ते स्वतः कधी चालले नव्हते. कारण काय पडणार होते?

ते आपल्या मोठ्या सायकलवर बसले. खोके टिटवीने घेतले. मिस्त्री पाना टाकून दारात येऊन उभे राहिले.

"सर, लाज राखा हो बागेची!"

"मिस्त्री, माझ्या पाठीला कान आहेत," सर म्हणाले आणि निघाले.

सकाळचे कोवळे ऊन होते. पांढरी रेषा पुढे सरळ गेली होती. सर सावकाश पायडल मारत वाट बघू लागले. अर्धी रेषा झाली. मुले गंमत करत असणार. मुद्दाम काही न वाजवता सरांना फसवायचे, हे डोके रेडिओचेच. सर मनातल्या मनात हसले. मग भोंगा वाजला.

"मोटार!" त्यांनी खणखणीत आवाजात सांगितले. मागे मुले हसत असावीत, असे त्यांना वाटले.

रेषा संपली. त्यांनी सायकल थांबवली, उतरले आणि वळून म्हणाले, "अरे, एकच? बाकीचं वाजवा की. सरांसाठी सोपी परीक्षा ठेवली होय?"

मुले पोट धरून हसत होती. सर काय झक्क सोंग करतात! रेडिओ तर जमिनीवर बसला होता. "सर म्हणतात वाजलंच नाही! ताईनं घंटी किती वाजवली!"

फक्त टिटवी हसत नव्हती. तिच्या उजव्या हातात घंटी होती. तिने सरांच्या डोळ्यांकडे बघितले आणि अंगठ्याने घंटीची कळ पुन्हा दाबली. पुन्हा. पुन्हा.

सरांना अंगठा हलताना दिसला. आणि टिक्‌ असा, लाकडावर नख मारल्यासारखा एक लहान आवाज आला. बाकी काही नाही.

त्यांनी मिस्त्रींकडे पाहिले. मिस्त्रींनी मान खाली घातली होती.

एका क्षणात सगळ्या घंट्या त्यांच्या डोक्यात वाजून गेल्या. तेल घातलेल्या, स्प्रिंग बदललेल्या, घरच्या दारावरची. त्यातली एकही बिघडली नव्हती.

"सर, पास की नापास?" मुंगीने विचारले. तिला ते सोंग वाटत नव्हते. तिला फक्त निकाल हवा होता.

सोंग चालू ठेवणे किती सोपे होते! मुले घरी जाऊन सांगतील, सरांनी आज आम्हाला किती हसवले. कोणाला काही कळणार नव्हते. टिटवीही बोलली नसती, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते. तिने ती घंटी पाठीमागे लपवली होती.

सरांनी हेल्मेट काढले.

"नापास," ते म्हणाले.

* * *

घरी जाताना दोघांनीही सायकली हातात धरल्या होत्या. नियम सगळ्यांना सारखा होता. त्या रस्त्यावर सरांना सायकलवरून उतरलेले कोणी पाहिलेच नव्हते, त्यामुळे कोपऱ्या-कोपऱ्यावर चौकशी झाली.

"सर, पंक्चर?" न्हाव्याने दुकानातून हाक मारली.

"नाही हो. नापास झालो."

न्हावी कात्री तशीच हवेत धरून बघत राहिला. पुढे फुलवाली भेटली. "चेन तुटली का, सर?"

"चेन ठणठणीत. मीच नापास."

"आणि ही?"

"ही पण. घराणंच तसं."

टिटवीला हसू आवरेना, आणि ते हसू आल्याबद्दल वाईटही वाटत होते. मोठ्या रस्त्याच्या कडेने चालताना ती म्हणाली, "आजोबा, आपण आईला नाही सांगितलं तर?"

"तू तुझं लपवलंस तेव्हा तुझ्या आईची झोप उडाली. मी लपवलं तर कोणाची उडेल?"

टिटवीने आपली सायकल थोडी त्यांच्या जवळ घेतली.

मागून काहीतरी आले आणि टिटवीने आजोबांचा हात धरून त्यांना कडेला ओढले. एक सायकलस्वार घंटी वाजवत, वैतागून बघत निघून गेला. आजोबांनी त्याच्या पाठीकडे पाहिले. मग ते चालू लागले, थोडे कडेने.

घरी टिटवीच्या आईने सगळे ऐकून घेतले आणि ती खुर्चीत बसली. आधी हसली, मग डोळे पुसले, मग परत हसली. "बाबा, ती बेल मी तीनदा दुरुस्त करून घेतली! इलेक्ट्रिशियन मला म्हणाला, बाई, तुम्हाला बेल दुरुस्त करायची आहे की माझी चेष्टा? मी तुम्हाला किती वेळा सांगितलं, कान दाखवून या. तुम्ही 'हो हो' म्हणायचात."

"मला वाटायचं, तू बेलबद्दलच बोलतेयस."

"आता सायकल बंद," ती डोळे पुसत म्हणाली. "या वयात हट्ट नको. मी रोज बागेत सोडून येईन तुम्हाला."

आजोबांनी बूट काढून जोडीने, टाचा भिंतीला लावून, नीट ठेवले. त्यांना काही लागले की ते असेच बूट नीट ठेवत, हे आईला माहीत होते. तिने मान फिरवली.

बोलली ती टिटवी. "आई, असं नाही करता येणार. नियमात बंद नाहीये. पास होईपर्यंत चालायचं, एवढंच आहे."

"अगं, त्यांना ऐकूच येत नाही तर पास कसे होणार?"

"बहिरी माणसं सायकल चालवतात. आजोबाच म्हणाले. वळून बघतात ती." टिटवी आजोबांच्या समोर, त्यांना तोंड दिसेल अशी येऊन बसली. "आता तुम्हाला ठाऊक झालंय ना, ऐकू येत नाही ते? मग आता शिकायचं. मी शिकवीन."

* * *

टिटवी पुढच्याच शनिवारी, गाण्याशिवाय रीतसर परीक्षा देऊन, पास झाली. कानातले मणी तिने स्वतःच्या हाताने टेबलाच्या खणात ठेवले आणि ती मोठ्या रस्त्याने शाळेत गेली. पहिल्या दिवशी परत आली तेव्हा तिचे तळहात लाल झाले होते, इतके घट्ट तिने हँडल धरले होते. पण ड्रायव्हरकाका संध्याकाळी सांगून गेले की आज मी लांबून एकदाच हॉर्न दिला आणि पोरगी लगेच बाजूला झाली, वर हात करून दाखवला.

आजोबांना कानाच्या डॉक्टरीणबाईंनी कानामागे बसेल असे एक श्रवणयंत्र दिले. ते लावून ते पहिल्यांदा रस्त्यावर आले आणि जागीच उभे राहिले. पायाखाली खडी करकरत होती, कुठेतरी शटर किंचाळले, एक मोटारसायकल जणू त्यांच्या कानातून आरपार गेली. मागून ट्रक आला, घर्रर्र, आणि आजोबांनी दिव्याच्या खांबाला मिठी मारली.

"आला ना पोटात गोळा?" टिटवीने विचारले.

"अगं, हे असं असतं रोज?"

"रोज."

"आणि तू यातून जातेस?"

"जाते," ती म्हणाली. आजोबांनी तिच्याकडे पाहिले ते मुलांकडे बघतात तसे नव्हते.

पण यंत्राने आवाज आला, तरी तो कुठून आला ते चटकन कळत नव्हते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सवय व्हायला वेळ लागेल, आणि तरीही पूर्वीसारखे होणार नाही. तेव्हा मान वळवून बघणे आले. बागेत त्याचा एक सोपा धडा होता, लहान मुलेसुद्धा तो दोन दिवसांत करत. सायकल रेषेवर ठेवायची, खांद्यावरून मागे बघायचे, मागे उभ्या असलेल्याने किती बोटे वर केली आहेत ते सांगायचे आणि रेषा सोडायची नाही.

सरांना हा धडा शिकवायला कधी त्रास झाला नव्हता. करायला मात्र फार झाला. मान एका ठराविक जागेपर्यंत वळे आणि तिथे दाराला अडसर लागावा तशी अडे. मान जोराने वळवली की हातही वळत, आणि सायकल फुलझाडांत. मिस्त्रींनी त्यांना आरसा बसवून दिला, तो त्यांनी आनंदाने ठेवून घेतला. पण आरशात सगळे दिसत नाही, असे ते स्वतःच मुलांना सांगत आले होते, त्यामुळे सुटका नव्हती. रोज सकाळी अंगणात ते खुर्चीवर बसून मान डावीकडे आणि उजवीकडे वळवत. टिटवी समोर बसून मोजत असे, आणि एकदाही "असं काय करता हो" म्हणत नसे. त्यांची लेक खिडकीतून बघे. आता ती काही म्हणत नव्हती.

आणि ते रोज बागेत सायकल हातात धरून चालत जात होते. न्हावी आता रोजच विचारायचा, "सर, निकाल?"

"पुढच्या शनिवारी."

असे बरेच शनिवार गेले.

मग एका शनिवारी पुन्हा परीक्षा ठेवली. परीक्षक टिटवी. तिने सगळ्यांना छातीवर लावायचे नंबर वाटले आणि रांगेत उभे केले. सरांनाही नंबर मिळाला. तो त्यांनी सदऱ्याला चारी कोपऱ्यांत टाचण्या लावून सरळ लावला आणि मोठी सायकल घेऊन ते रांगेत उभे राहिले. पुढे रेडिओ, त्याच्या पुढे मुंगी.

"सर, घाबरू नका," मुंगी वळून, त्यांच्याकडे बघून म्हणाली. "मागे बघताना पायडल थांबवायचं नाही. थांबवलं की पडतो."

"बरं."

"आणि श्वास घ्यायचा."

"हे कोणी शिकवलं तुला?"

मुंगीला प्रश्न विचित्र वाटला. "तुम्हीच," ती म्हणाली.

मुंगी पास झाली. रेडिओ बोलता बोलता पास झाला. सरांची पाळी आली. ते सायकलवर बसले, रेषेवर आले, पायडल थांबवले नाही, श्वास घेतला, आणि मान वळवली. अडसर आला. त्यांनी अजून थोडी वळवली. आणि मागे, सकाळच्या उन्हात, हात वर केलेली टिटवी दिसली, तिच्या बाजूला सगळा वर्ग दिसला. सगळ्यांचे चेहरे त्यांच्याकडे, सगळ्यांची तोंडे उघडी.

"चार!" सर ओरडले. "चार बोटं!"

वर्गाने जल्लोष केला. मिस्त्रींनी पान्याने पत्रा बडवला, आणि तो आवाज सरांना चांगलाच ऐकू आला. ते उतरून परीक्षकाकडे आले.

टिटवी जमिनीकडे बघत होती. पांढऱ्या रेषेपासून चाकाचा धुळीतला माग वीतभर बाजूला गेला होता आणि मग परत आला होता. तिने ओठ चावला.

"चार बरोबर," ती म्हणाली. "पण रेषा सोडली."

"अगं एवढीशी!" मिस्त्री म्हणाले. "सर आहेत ते. द्या सोडून."

"मिस्त्री," सर म्हणाले, "परीक्षा चालू असताना परीक्षकाशी बोलायचं नाही."

मग त्यांनी वाकून तो माग नीट पाहिला. कुठे सुटली, कुठे परत धरली. "मागच्या वेळेपेक्षा कमी आहे," ते म्हणाले.

"खूपच कमी," टिटवी म्हणाली.

त्यांनी सायकल वळवली आणि ती हातात धरून ते रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. सदऱ्यावरचा नंबर एका कोपऱ्यात सुटला होता, तो त्यांनी टाचणीने पुन्हा लावला. पुढचा मुलगा एक पाऊल सरकला. तेही सायकल घेऊन एक पाऊल पुढे सरकले.